संथखोली

आमच्या घरातलं पहिलं भांडण हातमोज्यांवरून झालं.

"आक्का, अहो लग्नाच्या नवऱ्याला हातमोजे घालून शिवू? हे काय विंचू आहेत का?" वृषाली म्हणाली आणि खोबरेलाची वाटी घेऊन सरळ आत गेली. वृषाली म्हणजे माझी भावजय. आत पलंगावर निजला होता तो माझा धाकटा भाऊ दिगंबर. मी उंबऱ्यातून ओरडले, "अगं, कंपनीच्या माणसानं बजावून सांगितलंय! अंगाला हात लावायचा तर मोजे घालून!" तिनं ऐकलं नाही. तशी ती माझं कधीच ऐकत नाही, गोड बोलून स्वतःचंच खरं करते. मी जन्मभर मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, वात्रटातली वात्रट पोरं माझ्या नजरेनं गार व्हायची. ही एक बाई मात्र मला हसून गप्प करायची.

दिगूला संथ केलं होतं. आता हा शब्द सगळ्यांच्या तोंडी रुळलाय. पूर्वी 'कुणाला ॲडमिट केलंय?' म्हणायचे, तसं हल्ली 'कुणाला संथ केलंय?' म्हणतात. दिगूच्या हृदयाचा स्नायू पार विरत आला होता. त्याच्याच पेशींपासून नवा स्नायू प्रयोगशाळेत वाढवायला घातला होता. पण तो तयार होणार दसऱ्याच्या सुमाराला, आणि जुनं हृदय तोवर टिकणार नाही असं डॉक्टरांनी होळीलाच सांगितलं होतं. मग उपाय एकच. हृदयाला कामच कमी द्यायचं. अंग गार करायचं, श्वास उतरवायचा, ठोके इतके विरळ करायचे की हाताला लागूच नयेत. दवाखान्यात एवढे महिने जागा अडवून कोण देतं? म्हणून हे घरीच करतात. मागच्या खोलीत यंत्रं बसली, खिडकीला जाड पडदा आला आणि त्या खोलीला आम्ही संथखोली म्हणायला लागलो.

हे कसं करतात ते सांगतेच. शाळामास्तरीण आहे, सांगितल्याशिवाय मला राहवायचं नाही. आपल्या पेशींत ऊर्जा साठवणारा एक रेणू असतो. तो खर्ची पडत पडत शेवटी जे उरतं ते ॲडेनोसिन. म्हणजे शरीराच्या लेखी ते दमणुकीचं माप. दिवसभर ते मेंदूत साठतं आणि रात्री डोळे मिटायला लागतात. हृदयाला ते सांगतं, हळू. छातीची धडधड आवरेना झाली की डॉक्टर ह्याचंच इंजेक्शन देतात. क्षणभर हृदय थांबतं आणि मग ताळ्यावर येतं. त्या क्षणाबद्दल विचारा कुठल्याही पेशंटला, हमखास म्हणेल, 'मी चाललो असं वाटलं.' फेफऱ्याचे झटके ते शांत करतं. आमच्यासारख्या दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या मात्र आवळून टाकतं. आणि ते साफ करणारं विकर ज्या बाळांत जन्मतःच नसतं, त्यांच्या रक्तात त्याचाच सख्खा भाऊ साचतो आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी मारून टाकतो. साध्या सर्दीनं जातात अशी बाळं. एवढासा पदार्थ, सगळ्यांच्या अंगात असलेला, आणि लगाम बघा कशाकशाचा त्याच्या हातात!

शरीर ते काही क्षणांत मोडून टाकतं म्हणून आपलं बरं चाललंय. उत्तर ध्रुवाकडच्या खारी त्याच्याच जोरावर हिवाळाभर गारठून पडतात आणि वसंतात उठून पळायला लागतात. कंपनीनं त्या ॲडेनोसिनचा एक न मोडणारा अवतार तयार केला होता. तो दिगूच्या अंगात थेंबाथेंबानं सोडला जायचा आणि घामातून बाहेर पडायचा. म्हणून ते हातमोजे.

पण वृषाली रोज त्याला उघड्या हातानं तेल चोळायची. कपाळाला, छातीला, तळपायांना. बाईला काही झालं नाही. मला मात्र त्या खोलीत पाय टाकला की धाप लागायची, त्यामुळे मी उंबऱ्याबाहेरूनच कारभार बघायची.

या दोघांचा संसार मी जवळून पाहिलेला आहे. मूलबाळ नाही, भांडणतंटा नाही, आणि बोलणंही नाही. 'भाजी काय करू?', 'किल्ली कुठंय?', 'पाणी आलं का?' एवढ्यावर दोघांची तीस वर्षं निघाली. दिगू पाटबंधारे खात्यात होता, दौऱ्यावर असायचा. घरी आला की पेपरात तोंड. वृषालीची कधी तक्रार नाही. मी एकदा म्हटलंही होतं, "अगं, कधीतरी भांड तरी!" तर म्हणते कशी, "कशाला आक्का, दमून येतात ते."

गुरुपौर्णिमेला ती नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. येताना पेढे आणले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "महाराजांसमोर चहा सोडून आले. हे उठून बसेपर्यंत थेंब घ्यायची नाही."

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चहाचं आधण उतरत नाही. आम्ही दोघी नणंद-भावजय एकमेकींना धरून राहिलो त्या चहामुळेच, असं म्हटलं तरी चालेल. "दुसरं काही मिळालं नाही का सोडायला? कारलं सोडायचंस!"

"आवडीचंच सोडायचं असतं, आक्का," ती हसून म्हणाली. झालं, मी गप्प.

चार दिवस ती डोकं धरून बसली. चहा सुटला की दुखतंच, त्याचं मला नवल वाटलं नाही. मग दुखायचं थांबलं आणि बाई एकदम शांत झाली. आधी मला बरंच वाटलं. धावपळ कमी झाली, आदळआपट कमी झाली. एकदा दूध उतू जात होतं आणि ती समोर उभी राहून बघत होती. दूध गॅसवर, ओट्यावर, खाली फरशीवर आलं, आणि मग तिचा हात बटणाकडे निघाला. निघाला म्हणजे खरंच निघाला, प्रवासाला निघाल्यासारखा. मी धावत जाऊन गॅस बंद केला, पुसून काढलं, फडकं धुवून वाळत टाकलं. तेव्हा कुठे तिचा हात बटणापाशी पोचला.

एका सकाळी विचारलं, "कोथिंबीर आणू का गं?" काही बोलली नाही. दुपारी जेवताना मी कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "आणा."

माझ्या अंगावर काटा आला. "काय आणू?" तिनं माझ्याकडे बघितलं, पण ती बघेपर्यंत माझं ताट झालं होतं.

"बरं नाही का तुला? दाखवायचं का कुणाला?" मी रोज विचारायची. उत्तर आलंच तर एकच, "मला फार बरं वाटतंय, आक्का." आणि खरंच चेहरा असा उजळला होता तिचा, ती नवी नवरी असतानासुद्धा मी तिला तशी पाहिली नव्हती. दिवसातला बराच वेळ ती त्याच्या पलंगाशी स्टुलावर बसून काढायला लागली, हात त्याच्या छातीवर. तिथून एक बारीक घुमणारा आवाज यायचा. मला वाटायचं, यंत्राचा असेल.

मग आमची मांजर दिसेना. तिसऱ्या दिवशी सापडली ती दिगूच्या पलंगाखाली. तिला दिगूचा हात चाटायची सवय लागली होती, तेलाच्या वासानं असेल. डोळे अर्धवट उघडे, अंग गार. मेली म्हणून मी फडक्यात गुंडाळायला घेतली, तर हाताखाली एक ठोका लागला. मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं दुसरा लागला.

तेव्हा मी नाझनीनला फोन केला. डॉक्टर नाझनीन मुजावर, दिगूला बघायला तीच येते. माझी विद्यार्थिनी, दहावीला विज्ञानात पहिली. दुपारी आली ती आल्या आल्या संथखोलीत गेली. मी दारात उभी. तिनं आधी यंत्राचा पडदा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, दिगूकाकांच्या श्वासाचा आवाज यंत्रात साठत असतो. त्यात काहीतरी नक्षी दिसतेय. घोरण्याची अशी नसते." तिनं दोन श्वासांमधली शांतता कापून काढली, बाकीचं जवळ ओढलं आणि वेग वाढवून ऐकवलं.

यंत्रातून माझा भाऊ बोलला. "वृषा, आज नीट बसलीस."

एका श्वासाला एक अक्षर, असं करत त्यानं ते वाक्य म्हटलं होतं. तो घुमणारा आवाज त्याचा होता. आम्ही त्याच्या खोलीत झाडलोट करत होतो, पडदे धूत होतो, आणि तो बोलत होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. आणि ती पुसायच्या आत यंत्रातून दुसरा आवाज आला, बाईचा.

"बसले. आज घाई नाही."

नाझनीननं वळून वृषालीकडे बघितलं. ती स्टुलावर होती. स्वतःचाच आवाज खोलीत वाजला तरी तिनं मान वळवली नव्हती. नाझनीननं तिचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, ह्यांना कुणी संथ केलं?"

तिथून पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. मांजर दाखवली, तेलाची वाटी दाखवली. "पण कधीपासून चोळतेय ती तेल! इतके महिने काही झालं नाही, आताच कसं?" मी विचारलं.

"अलीकडे काय बदललं घरात?"

मी म्हटलं, "काही नाही. नवस केलाय म्हणून चहा सोडलाय, तेवढंच."

"चहा!" नाझनीन म्हणाली. मलाही त्याच क्षणी कळलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचंच काय ते बाकी राहिलं. चहातलं कॅफिन काय करतं? मुलींना मीच शिकवायची! आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसा ते पेशीवरच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. ॲडेनोसिन येतं, बघतं, जागा अडलेली, उभं राहतं. वृषालीच्या अंगात ते विष इतके महिने उभंच होतं. चहा सोडला आणि सगळ्या जागा मोकळ्या झाल्या.

"कंपनीनं चाचण्या केल्या होत्या की," मी म्हटलं.

"केल्या होत्या. आपल्याच भागातल्या घरांत. बाई, त्यातल्या एकाही घरात चहा न पिणारं माणूस नसणार."

मला हसू आलं आणि मग हुंदका आला. नाझनीननं फोनाफोनी केली. कोल्हापूरला अशा माणसांना वर आणायचा खास विभाग आहे. एकेक अंश करत, दोन आठवडे लावून वर आणतात. उद्या सकाळी गाडी येईल म्हणाली. दिगूला संथ करायच्या आधी महिनाभर तयारी केली होती, वृषालीची काहीच नव्हती. तिचं हृदय कधीही थांबू शकत होतं.

"मग आत्ताच चहा पाज की तिला! माझ्या दम्याच्या गोळ्या आहेत जुन्या, त्याही चहाच्याच भाऊबंद."

"जिवावर बेतलं तर पाजा. नाहीतर नको. बाई, संथपणी माणूस जे बोलतं, अनुभवतं, ते मेंदू त्या गारठ्यातच रचून ठेवतो. सावकाश वर आणलं तर ते एकेक करून वर उतरवून घेतो. एकदम ओढलं तर माणूस येतं, ते सगळं खाली राहतं. परत कधी संथ झालं तरच सापडणार."

नाझनीन वृषालीच्या मनगटाला नाडीचा पट्टा बांधून गेली. तिला पलंगापासून लांब न्यायचा मी प्रयत्न केला. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. पण तिची बोटं त्याच्या हातात अशी अडकली होती की सोडवायची म्हणजे मोडावी लागली असती. मग संध्याकाळी मी दाराबाहेर खुर्ची टाकली आणि नाझनीननं माझ्या फोनवर उतरवून दिलेलं त्या दोघांचं साठलेलं बोलणं ऐकत बसले. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, कळतं मला. पण ऐकलं.

"आधी नुसती घरघर वाटायची. आता ऐकू येतंय," ती म्हणत होती.

"आपण असे कधी बसलोच नाही."

"तुम्हाला वेळ कुठे होता?"

"तुला होता?"

"मलाही नव्हता. म्हणजे मी तसं दाखवायची."

मग दोघं हसली. ते हसू पुरं व्हायला खरं किती दिवस लागले असतील, देव जाणे. वाडीच्या घाटावर कधी दोघांनी मिळून कासव बघितलं होतं, त्याबद्दल बोलली. मी दोघांनाही इतकी वर्षं ओळखते, पण या माणसांना ओळखत नव्हते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि थोडा मत्सरही वाटला. मग दिगूनं विचारलं, "वृषा, तू माझ्यावर रागावलेली होतीस ना? इतकी वर्षं?"

"हो."

"कशावरून?"

"सांगते."

तिथे साठवण संपली. पुढचं अक्षर अजून व्हायचं होतं. खोलीतून तो घुमणारा आवाज येत होता आणि मी अंधार पडेपर्यंत कान देऊन बसले होते. मला सुद्धा ऐकायचं होतं ना ते! तीस वर्षांत ती एकदाही रागावल्याचं मी बघितलं नव्हतं.

सकाळी कोल्हापूरहून गाडी निघाल्याचा नाझनीनचा फोन आला. मी आंघोळ उरकली, वृषालीचे दोन कपडे पिशवीत भरले. आणि मनगटावरचा पट्टा ओरडायला लागला. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी फोन लावला तर गाडी अंकलीच्या पुलावर, पुढे ट्रक आडवा झालेला. "बाई, मी काय सांगू?" नाझनीन रडवेली झाली. "तुम्ही तिथे आहात. तुम्ही ठरवा."

ठरवायला काय होतं? एका बाजूला तिचा जीव. दुसऱ्या बाजूला तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक सुख, आणि ते आत्ताच भरात आलेलं. मी चहाची मूठभर पूड उकळायला टाकली. दम्याच्या गोळ्या ठेचून त्यात घातल्या. काळंकुट्ट पाणी झालं ते गार केलं, आणि चमचा घेऊन संथखोलीत शिरले. शिरल्याबरोबर छातीत शिटी वाजायला लागली.

वृषाली त्याच्याकडे वाकून बसली होती. तोंड थोडंसं उघडलेलं. पुढच्या अक्षरासाठी ओठ वेगळे झाले होते. 'सांगते' म्हणाली होती, ते सांगायला निघाली होती.

मी त्याच फटीत चमचा घातला.

"पाप माझ्या माथी, वृषाली," मी म्हणत होते, "नवस माझ्या माथी, गीळ बाई, गीळ." चमच्याचमच्यानं मी ते सगळं तिच्या घशाखाली घातलं. तिचे डोळे माझ्याकडे वळायला लागले. अगदी सावकाश, घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखे. वाटी संपत आली तेव्हा ते माझ्यापर्यंत पोचले. तिला कळलं होतं. त्या नजरेत राग होता, खरा, जुना, तीस वर्षांत कुणी न बघितलेला. आणि त्या रागातून ती मला थांब म्हणत होती. माझा हात थांबला नाही.

मग तिला एकदम ठसका लागला. अंग थडथड उडायला लागलं, श्वास भराभर आला, गाल लाल झाले. ती ताडकन उभी राहिली आणि दारापर्यंत धावली.

"आक्का! अहो दूध! दूध उतू गेलं असेल!"

गाडी आली, कोल्हापूरला नेलं, आठ दिवसांत ठणठणीत होऊन परत आली. मधले दोन महिने पाटी कोरी. तिनं चहा सोडल्याचं तिला आठवत होतं, डोकं दुखल्याचं आठवत होतं, तिथून पुढे एकदम माझा चमचा. मी सगळं सांगितलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा पाजेन, हेही सांगितलं. ती रागावली नाही. "वाडीला जाऊन महाराजांना सांगते, आक्कांनी पाजला, माझा इलाज नव्हता," एवढंच म्हणाली. मला त्या दुसऱ्या वृषालीची नजर आठवत होती, आणि ही समोर हसत होती.

मग तिनं ते आवाज ऐकायला मागितले. दुपारी स्वयंपाकघरात बसून ऐकले. मी भाजी निवडत होते. दोघांचं हसू आलं तेव्हा तिनं फोन थांबवला.

"ही बाई कोण आहे, आक्का?"

"अगं, तूच."

"मी नाही. माझ्याशी कधी बोललेत का हे असे?" ती म्हणाली. "किती मोकळी आहे ही. ह्यांना तोंडावर विचारते, तुम्हाला वेळ कुठे होता म्हणून! माझी नसती झाली हिंमत." आणि मग पदर तोंडाला लावून ती सवत घरात आल्यासारखी रडली. त्यानंतर ती रोज ते ऐकायची, आणि रोज रडायची.

दिगूकडून त्या दिवसानंतर फक्त एक शब्द आला होता. 'वृषा?' नंतर पुन्हा, 'वृषा?' मग तो गप्प झाला.

दसऱ्याच्या आधी त्याला नेलं. नवा स्नायू बसवला आणि रीतसर, एकेक अंश करत वर आणलं. दिवाळीत घरी आला तो स्वतःच्या पायांनी जिना चढून. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मागे वृषाली उभी होती, नवी साडी नेसून. तिला बघून त्याचा चेहरा असा खुलला की मी तिकडून बाजूला झाले.

"मग?" तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला. "सांग ना आता. सांगते म्हणालीस आणि गप्पच झालीस."

तिला प्रश्न माहीत होता. शंभरदा ऐकला होता. काहीतरी रचून सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"कशावरून रागावली होतीस?"

"मी? तुमच्यावर?" ती गोंधळून म्हणाली. "मी कधी रागावले हो तुमच्यावर?"

दिगू तिच्याकडे बघत राहिला. चुकीच्या घराची कडी वाजवल्यावर माणूस बघतं तसा. मग "असू दे, असू दे," म्हणाला आणि आत जाऊन पेपर उघडला.

तो तिला काही टोचून बोलला नाही. उलट फार सांभाळून वागायला लागला. पाहुण्या बाईला द्यावा तसा पाण्याचा पेला हातात द्यायचा. पण संध्याकाळी संथखोलीत जाऊन त्या रिकाम्या पलंगावर बसायचा. परवा नाझनीन तपासायला आली तेव्हा त्यानं विचारलं, "डॉक्टर, मला परत संथ करता येईल का? थोडेच दिवस."

"कशासाठी काका? हृदय तर घोड्यासारखं झालंय."

"ती बोलता बोलता थांबलीय."

माझं डोकं फिरलं. "दिगू, वेडा झालास का? ही बघ तुझी बायको! हिला मी ओढून काढलीय तिथून, माझा जीव धोक्यात घालून! हाडामांसाची उभी आहे समोर, हिला विचार काय विचारायचंय ते!"

"हिला माहीत नाही, आक्का," तो इतक्या हळू म्हणाला की मला रडू यायला लागलं. "विचारलं मी."

"आणि तू एकटा जाऊन काय करणार?" मी म्हटलं. "ती आहे कुठे? हिच्याच डोक्यात ना? म्हणजे तिच्यापर्यंत पोचायचं तर हिलाही संथ करायला हवं. नाझनीन, सांग ह्याला, हिचं हृदय आता दुसऱ्यांदा सोसेल का?"

नाझनीन म्हणाली, "तयारी करून केलं तर कदाचित. पण उठतीलच असं मी लिहून देणार नाही."

"ऐकलंस?" मी गरजले. "ऐकलंस ना?"

"मी जाईन," वृषाली म्हणाली.

आम्ही तिघांनी वळून बघितलं. ती ओट्याशी उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"अगं बाई, तुझा जीव वाचवला मी!" मी ओरडले. "कुणासाठी जातेस? त्या बाईसाठी? रोज रडतेस ना तिच्या नावानं?"

"रडते," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याशी माझ्यापेक्षा चांगलं बोलते म्हणून रडते. पण आक्का, तुम्ही मला वाचवलंत, तिला नाही वाचवलं. तिला काहीतरी सांगायचंय आणि ती अजून तिथे तोंड उघडून बसलीय. तिला असंच ठेवायचं का?"

मी खूप बोलले. त्या दिवशी बोलले, दुसऱ्या दिवशी बोलले, वाडीच्या महाराजांची शपथ घातली. दोघंही ऐकून घेत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होती.

दोघांना एकदम संथ करायचं तर घरात जागं राहणारं तिसरं माणूस लागतं, त्याशिवाय कंपनी हात लावत नाही. आमच्या घरात तिसरी मीच. काल दुसरा पलंग आला. त्या माणसांनी तो भिंतीशी लावायला घेतला तेव्हा मी उंबऱ्यातून ओरडले, "तिकडे नको, जवळ घ्या. दोघांचे हात एकमेकांना पोचले पाहिजेत."